बांगड्यांचे व्याज

आयकराचे विवरणपत्र हा ललित लेखनाचा विषय होऊ शकेल, असे पूर्वी कोणी आम्हांस सांगितले असते, तर आम्ही त्या गृहस्थाच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी केली असती. पाऊस, प्रवास, बालपणीचे घर, फार तर हरवलेली छत्री, एवढ्यांवर निबंध लिहावेत. कराचा विषय वकिलांनी आणि हिशेबनीसांनी सांभाळावा, असेच आमचेही मत होते. परंतु २०२३ सालच्या हिवाळ्यात याच रुक्ष कागदाने आमची महिनाभर झोप उडविली आणि लग्नाला छत्तीस वर्षे झाल्यावर आम्हांस आमच्या पत्नीसमोर मान खाली घालावयास लावली. ती हकीकत लपवून ठेवणे हे, तिचा विषयच लपवालपवीचा असल्यामुळे, बरे दिसणार नाही.

प्रथम आमची ओळख. आमचे वडील १९५७ साली वर्ध्याहून भिलाईस आले. सोव्हिएत सरकारशी पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला होता आणि दुर्गजवळच्या माळरानावर यंत्रांचे सांगाडे उभे राहू लागले होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वर्धा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेशात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे वडिलांच्या दृष्टीने हा परदेश नव्हताच, हावड्याच्या गाडीने एका रात्रीची वाट होती. राज्यपुनर्रचनेने वर्धा एकीकडे गेले, दुर्ग दुसरीकडे राहिले, आणि वडील मात्र येथेच राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा आम्ही आईच्या कडेवर होतो असे सांगतात. पुढे आम्हीही त्याच कारखान्यात शिरलो, रूळ तयार करणाऱ्या गिरणीत तपासणीच्या कामावर अडतीस वर्षे काढली आणि २०१८ साली निवृत्त होऊन नेहरूनगरातल्या आमच्या लहानशा घरी स्थिर झालो.

निवृत्त माणसास समाजात काही तरी स्थान असावे लागते. कोणी होमिओपॅथीची पेटी घेतात, कोणी भजनाचे टाळ. आम्ही आयकर घेतला. आमचे विवरणपत्र आम्ही स्वतः भरतो, इतकेच नव्हे तर मंडळातल्या चारदोघा समवयस्कांचीही भरून देतो. गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हाती घेऊन लोक आमच्याभोवती जमतात आणि आम्ही त्यांना कलमांचे आकडे तोंडपाठ सांगतो, तेव्हा अडतीस वर्षे केवळ रूळच तपासले याचे दुःख थोडे हलके होते.

अशाच एका बैठकीत, नोव्हेंबरच्या आरंभी, एका स्नेह्यांनी प्रश्न विचारला. त्यांची एक ठेव मुदत संपून हाती आली होती. ती पत्नीच्या नावाने ठेवली तर तिच्या व्याजावर कर लागणार नाही, नाही का? आम्ही तत्काळ उत्तरलो, "अर्थातच! पत्नीला दिलेल्या देणगीवर कर नाही. आम्ही स्वतः तेच केले आहे." स्नेही प्रसन्न झाले. घरी परतल्यावर मात्र उत्तराला कलमाचा आकडा जोडून द्यावा, म्हणजे त्याला वजन येईल, अशी हौस आम्हांस झाली. आम्ही कायदा उघडला. जे कलम आम्ही शोधीत होतो ते सापडले, आणि त्याच्याबरोबर जे शोधीत नव्हतो तेही सापडले.

देणगीवर पत्नीस कर नाही, हे खरेच होते. परंतु १९६१ च्या आयकर कायद्याच्या, म्हणजे त्या वेळी लागू असलेल्या कायद्याच्या, ६४ व्या कलमात असे म्हटले होते की, पुरेशा मोबदल्यावाचून पतीने पत्नीस, अथवा पत्नीने पतीस, जी मालमत्ता दिली असेल, तिच्यापासून होणारे उत्पन्न हे देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवावे. हिशेबनीस लोक यालाच 'क्लबिंग' म्हणतात. ही तरतूद काही नवी नव्हे. बायकामुलांच्या नावे मालमत्ता करून कर चुकविणाऱ्या श्रीमंतांना आळा घालण्यासाठी ती १९३७ सालीच १९२२ च्या जुन्या कायद्यात घातली गेली होती. म्हणजे आमच्या जन्मापूर्वी एकवीस वर्षे ती आमची वाट पाहात बसली होती.

आता आमची ठेव. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आम्ही सौभाग्यवतींच्या नावे पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते उघडले आणि त्यात आमच्या निवृत्तीच्या रकमेतले बारा लाख रुपये ठेवले. व्याजाचा दर तेव्हा शेकडा ७.४ होता, म्हणजे दर तिमाहीस २२,२०० रुपये, वर्षाचे ८८,८०० रुपये. तिला अन्य उत्पन्न जवळजवळ नाही. म्हणून ती विवरणपत्र भरीत नाही, आणि भरण्याची गरजही नाही, असे आम्हीच तिला सांगितले होते. पहिल्या वर्षी दोनच तिमाह्यांचे व्याज होते. ते आमच्या उत्पन्नात मिळविले तरी आम्ही पाच लाखांच्या आतच राहात होतो, तेव्हा त्या वर्षी चूक झाली तरी कराला धक्का लागत नव्हता. पेच होता तो २०२२-२३ या वर्षाचा. त्याचे विवरणपत्र आम्ही जुलै २०२३ मध्ये मोठ्या दिमाखाने भरले होते. सर्व वजावटी जाता करपात्र उत्पन्न ४,८६,००० रुपये, आणि पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नास त्या वर्षी ८७ अ कलमाची सूट असल्यामुळे कर शून्य!

त्या ४,८६,००० मध्ये सौ.चे ८८,८०० मिळवून पाहा. बेरीज ५,७४,८०० होते. पाच लाखांची सीमारेषा ओलांडली की सूट थोडीशी कमी होते असे नव्हे. ती समूळ नाहीशी होते. ज्येष्ठ नागरिकास पहिले तीन लाख माफ. पुढील दोन लाखांवर शेकडा पाच, म्हणजे १०,००० रुपये. उरलेल्या ७४,८०० वर शेकडा वीस, म्हणजे १४,९६०. त्यावर शेकडा चार उपकर. आणि दहाच्या पटीत आणलेली अंतिम रक्कम २५,९६० रुपये. बँकेच्या व पोस्टाच्या व्याजावर ज्येष्ठांना मिळणारी पन्नास हजारांची वजावट आमच्या स्वतःच्याच व्याजाने केव्हाच संपविली होती. एका विस्मृत ओळीने शून्याचे पंचवीस हजार नऊशे साठ झाले.

विवरणपत्रात काही गळाले वा चुकले असे कळून आल्यास सुधारित विवरणपत्र देता येते. त्या वर्षाच्या बाबतीत त्याची अखेरची तारीख होती ३१ डिसेंबर २०२३. आमच्या हाती साठ दिवसांहून थोडे कमी होते. वाचकांस वाटेल की, प्रामाणिक मनुष्यास साठ मिनिटेही पुरे व्हावीत. वाचकांनी स्वतःच्या प्रामाणिकपणाची परीक्षा अशा ठिकाणी घ्यावी, जेथे परीक्षक गैरहजर आहे.

आणि येथे परीक्षक खरोखरच गैरहजर होता. आयकर खाते अलीकडे प्रत्येकाच्या व्याजाची, लाभांशाची आणि मोठ्या खरेदीविक्रीची माहिती गोळा करून संगणकावर मांडून ठेवते. आम्ही आमचे ते वार्षिक माहितीपत्रक पुन्हा उघडून पाहिले. त्यात आमच्या प्रत्येक ठेवीचा पैन् पै हिशेब होता, परंतु सौ.चे व्याज तिच्या नावाच्या पत्रकात होते. ती तिच्या नावाने शून्य कराच्या मर्यादेत, आम्ही आमच्या नावाने शून्य कराच्या मर्यादेत; दोन्ही पत्रके वेगवेगळी पाहिली तर दोन्ही निर्मळ. त्या दोहोंना जोडणारा धागा म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा एक धनादेश, आणि तो कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

दुर्गला एक तरुण सनदी हिशेबनीस आहे. मित्राचा प्रश्न म्हणून आम्ही आमचाच प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. ज्या मित्रांचे प्रश्न लोक घेऊन येतात, ते मित्र बहुधा त्याच खुर्चीवर बसलेले असतात, हे त्याला ठाऊक असावे. तो हसून म्हणाला, "अंकल, कौन देखने वाला है?" मग क्षणभर थांबून त्याने कायद्याची दुसरी बाजूही सांगितली. आपण होऊन सुधारणा केली तर मूळ कर भरला की झाले; साठी उलटलेल्या आणि धंदा नसलेल्या माणसास आगाऊ कराचे बंधन नसल्यामुळे त्याचे व्याजही लागणार नाही. उलट पुढे खात्याने पकडले, तर उत्पन्न कमी दाखविल्याबद्दल कराच्या निम्मा दंड, आणि जाणूनबुजून खोटे दाखविले असे ठरले तर कराच्या दुप्पट दंड. "लेकिन पकड़ेगा कौन?" असे म्हणून त्याने पुढल्या अशिलास बोलाविले. त्याने आमच्याकडून शुल्क घेतले नाही. सल्ला फुकट मिळाला की त्याचे वजन अधिकच वाटते.

परतताना आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि तिने तर आमचे मन फारच बिथरले. फेब्रुवारी २०२३ च्या अंदाजपत्रकाने, पुढील वर्षापासून, नव्या करपद्धतीत सूट सात लाखांपर्यंत नेली होती. म्हणजे २०२३-२४ पासून सौ.चे व्याज आमच्या उत्पन्नात राजरोस मिळविले आणि सर्व वजावटी सोडून दिल्या, तरीही आमचा कर शून्यच. मागचे वर्ष निर्धोक होते, पुढचे वर्ष निर्धोक होते. मधल्या एकाच वर्षाच्या फटीत आमचा पाय अडकला होता. दैवाने एवढी अरुंद फट मुद्दाम आमच्यासाठीच कोरून ठेवली असेल, तर तिच्यावरून उडी मारून जाण्यात काय पाप आहे?

आम्ही सौ.ला सर्व सांगितले. तिच्यापासून आम्ही फार काळ काही लपवू शकत नाही. आमची चहात साखर विसरण्याची सवय आमचा घात करते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे माझ्या नावावरचे पैसे माझे नाहीतच?"

या प्रश्नाने आम्ही चपापलो, आणि, खरे सांगावयाचे तर, मनातून सुखावलोही. कारण या ठेवीला एक पूर्वेतिहास होता. २००३ साली आमच्या चिरंजीवाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. घराचे बांधकाम नुकतेच झालेले; भविष्यनिर्वाह निधीतून उचल केलेली; हाती काही नाही. सौ.ने एके दुपारी आम्ही पाळीवर असताना आपल्या पाटल्या आणि बांगड्या, सुमारे आठ तोळे सोने, दुर्गच्या सराफ्यात नेऊन विकले आणि फीचे पैसे आणून देवापुढे ठेवले. सोन्याचा भाव तेव्हा तोळ्यास साडेपाच-सहा हजारांच्या आसपास होता. त्या संध्याकाळी तिच्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि आम्हांस त्या बराच वेळ दिसल्याच नाहीत. दिसल्या तेव्हा आम्ही म्हणालो की, हे आम्ही भरून देऊ. अठरा वर्षांनी ते बारा लाख तिच्या नावे ठेवताना आमच्या मनात तो दिवस होता.

तर मग ही देणगी कशी? ही तर फेड! कलमातले 'पुरेसा मोबदला' हे शब्द आमच्या डोळ्यांसमोर चमकू लागले. मोबदला अठरा वर्षांपूर्वीच मिळाला होता. आता आम्हांस करच चुकवावयाचा नव्हता. आम्हांस पत्नीच्या हक्काचे रक्षण करावयाचे होते. मनुष्याचा स्वार्थ जेव्हा दुसऱ्याच्या न्यायाचे वस्त्र पांघरून येतो, तेव्हा तो ओळखणे स्वतः त्या मनुष्यासच कठीण जाते.

आम्ही ग्रंथ चाळले. स्त्रीधनाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने सांगून ठेवले आहे की, दुष्काळात, धर्मकार्यात, आजारात अथवा अटकेच्या संकटात पतीने स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्यास तो बांधील नाही. आणि विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरे'ने त्याचा अर्थ असा केला आहे की, अन्य कारणांनी घेतले असेल तर ते परत केलेच पाहिजे. मुलाच्या महाविद्यालयाची फी या चार संकटांत बसत नाही. म्हणजे धर्मशास्त्राने आम्ही ऋणको ठरलो. अर्वाचीन न्यायही आमच्याच बाजूचा दिसला. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्त्रीधन ही पत्नीची निर्विवाद मालमत्ता असल्याचे ठरविले आहे. एकीकडे याज्ञवल्क्य, दुसरीकडे सर्वोच्च न्यायालय, आणि मध्ये आम्ही पंचवीस हजार नऊशे साठ रुपये मुठीत घट्ट धरून उभे!

एकच अडचण होती. आठ तोळ्यांची किंमत २०२१ च्या भावाने धरली, तरी ती चार लाखांच्या आतबाहेरच भरत होती. बारा लाखांना आठ लाख कमी पडत होते. म्हणून एका रात्री आम्ही आखीव कागद घेऊन बसलो आणि सौ.चे आमच्याकडे आणखी काय येणे निघते, याची यादी करू लागलो. तिने वीस वर्षे शेजारच्या मुलींना शिवण शिकविले. ती मिळकत घरातच खर्च झाली. आमच्या आईच्या अखेरच्या आजारात दोन वर्षे तिने सेवा केली. परिचारिका ठेवली असती तर महिन्यास इतके लागले असते. मुलांच्या शिकवण्या तिनेच घेतल्या. स्वयंपाक हे सदर आम्ही लिहिले, त्यापुढे एक आकडा मांडला, तो फार मोठा झाला म्हणून खोडला, आणि बारा लाखांशी जुळेल असा दुसरा मांडला. बेरीज बरोबर जमली. आम्ही समाधानाने कागद चष्म्याच्या घराखाली ठेवून झोपी गेलो.

सकाळी उठून पाहतो, तो सौ. स्वयंपाकघरात उभी राहून तो कागद वाचीत होती. चुलीवर दूध होते. तिने आधी ते उतरविले.

"स्वयंपाकाचा पहिला आकडा का खोडला?" तिने विचारले.

आमच्याकडे उत्तर नव्हते.

"आणि सासूबाईंचं दोन वर्षांचं इतकंच झालं?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "अहो, मला माझा हिशेब कधी करावासा वाटला नाही, आणि तुम्ही तो एका रात्रीत करून टाकलात. तोही कशासाठी, तर सरकारचे पंचवीस हजार वाचवायला."

आम्ही कलम सांगितले, याज्ञवल्क्य सांगितला, बांगड्यांचे ऋण सांगितले. ती म्हणाली, "बांगड्या मी कर्जाऊ दिल्या नव्हत्या. तुम्ही मागितल्याही नव्हत्या. माझ्या मुलाची फी मी भरली. तुम्ही बारा लाख माझ्या नावावर ठेवलेत तेव्हा ते फेडीचे म्हणून ठेवलेत का? तसं बोलला असतात तर मी सही केली नसती. मला वाटलं, तुम्हांला द्यावंसं वाटलं म्हणून दिलेत."

ती कागद घडी करून पदराआड घेऊन गेली. आम्ही बाहेर अंगणात जाऊन बसलो. डिसेंबरचे धुके होते. कारखान्याच्या दिशेचे आकाश त्या धुक्यात मळकट तांबूस दिसत होते. आम्हांस आमची रुळांची गिरणी आठवली. तयार रूळ डोळ्यांना गुळगुळीत, निर्दोष दिसतो. पण पोलादाच्या पोटात एखादी केसाएवढी चीर राहिलेली असू शकते. म्हणून त्याच्यातून कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतात, आणि चीर असेल तर पडद्यावर तिचा प्रतिध्वनी उमटतो. प्रतिध्वनी उमटेपर्यंत तो रूळ केवळ रूळ असतो. उमटल्यानंतर, पाहणारा एकटाच असला आणि रात्रपाळी संपावयास पाचच मिनिटे उरली असली, तरी त्याला ते न पाहिलेले करता येत नाही. कायद्यानेही 'कळून आल्यास' असेच म्हटले आहे. नोव्हेंबरपर्यंत आमच्या विवरणपत्रात चूक होती. नोव्हेंबरनंतर, प्रत्येक दिवशी, ती चूक राहिली नव्हती; तिचे दुसरेच काही होत चालले होते, आणि त्याचे नाव घ्यावयास आम्ही याज्ञवल्क्यास मध्ये घातले होते.

आणि सौ.ने जे सांगितले, त्याने आमची पळवाटही बुजली होती. तो व्यवहार फेडीचा होता की देण्याचा, हे ठरविणारा कागद कोठेच नव्हता; ते फक्त आम्हां दोघांच्या मनांत होते. आम्ही आमच्या मनात डोकावून पाहिले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी पोस्टातल्या बाकावर बसलो असता, आपण देणे फेडीत आहोत असे आम्हांस वाटले होते काय? नाही. तिच्या हाती स्वतःचे असे काही असावे, आम्ही पुढे गेलो तर तिला मुलापाशी हात पसरावा लागू नये, एवढेच वाटले होते. ते दान होते. दोन वर्षांनी करापायी त्याला कर्जफेड म्हणावयाचे, म्हणजे २५,९६० रुपयांसाठी आमच्या हातून झालेल्या एका बऱ्या गोष्टीचे नावच बदलून टाकावयाचे.

दुपारी आम्ही सौ.ला सांगितले की, आम्ही सुधारित विवरणपत्र भरतो. पण तिने विचारलेला पहिला प्रश्न अजून आमच्या मनात सलत होता. ठेव तिची, आणि व्याज आमच्या नावे मोजावयाचे, हा तिचा अपमान नव्हे काय?

"व्याज माझ्याच खात्यात येणार ना?" तिने विचारले.

"हो."

"मोडायची झाली तर मीच सही करणार ना?"

"हो. कायद्याने मालकी तुझीच. फक्त कर माझ्याकडून घेणार."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "देणाऱ्यानं द्यायचा खर्चही सोसावा. आहेर देऊन रिक्षाचं भाडं का मागतात?"

१९३७ पासून जे कलम भल्याभल्या वकिलांनी उलटसुलट पारखले, त्याचा एवढा सरळ अर्थ आमच्या वाचनात कोठे आला नव्हता.

आम्ही आणखी एक बारकावा तिला मुद्दाम सांगितला. दिलेल्या रकमेचे व्याज आमच्या उत्पन्नात येते. परंतु त्या व्याजाची ती जी पुन्हा गुंतवणूक करते, तिच्यावरचे व्याज सर्वार्थाने तिचेच. त्याला हे कलम शिवत नाही. ती दर तिमाहीच्या रकमेतून पोस्टातच महिन्यास पाच हजारांची आवर्ती ठेव भरीत असे. तिचे वर्षाचे अडीच-तीन हजार रुपये व्याज कायद्याच्याही दृष्टीने केवळ तिचे होते. हे ऐकून तिला जो आनंद झाला, तो बारा लाखांची पावती हाती आली त्या दिवशीही आम्ही पाहिला नव्हता.

२७ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी आम्ही प्रथम कर भरला. पंचवीस हजार नऊशे साठ रुपये एका टिचकीसरशी गेले, आणि ते गेल्यावर आमच्या छातीत काही उदात्त वगैरे उचंबळून आले नाही. पंचवीस हजार गेल्याचेच वाटले. नंतर सुधारित विवरणपत्रात पत्नीचे उत्पन्न दाखविण्याच्या रकान्यात ८८,८०० ही रक्कम भरली. पडताळणीचा सहा आकड्यांचा संकेतांक भ्रमणध्वनीवर आला. आमचा चष्मा सापडेना, म्हणून सौ.ने तो वाचून दाखविला आणि आम्ही टिपला. पोचपावती आली. एवढ्या महिन्याभराच्या संग्रामाची ती पावती एका पानाची होती.

मग उरले ते मंडळातले स्नेही. त्यांना आम्ही प्रसादाच्या साक्षीने चुकीचा सल्ला दिला होता, आणि तो परत घेणे आम्हांस २५,९६० रुपयांहून जड गेले, हे येथे कबूल करतो. आम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगितले की, ठेव वहिनींच्या नावे अवश्य करा. मात्र कर वाचेल म्हणून करू नका, कारण तो वाचत नाही. ते काहीसे हिरमुसले. "म्हणजे तुम्हीही भरलात?" त्यांनी विचारले. आम्ही हो म्हणालो. त्यांनी ठेव पत्नीच्या नावे केली की नाही, ते आम्ही पुन्हा विचारले नाही.

तो आखीव कागद आम्हांस फाडून टाकावयाचा होता; दोनतीन दिवस शोधूनही तो मिळाला नाही. जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सौ.ने बाजाराची पिशवी आमच्या हाती दिली आणि वर एक घडी केलेला कागद ठेवला. तीळ एक किलो, चिक्कीचा गूळ दीड किलो, शेंगदाणे, वेलदोडे, वाणाच्या बांगड्या दोन डझन, असे तिच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. दुकानात यादी वाचून दाखविताना आम्ही कागद उलटा केला, आणि आमचाच आखलेला तक्ता ओळखला. स्वयंपाकापुढचा आमचा दुसरा आकडा तिने खोडला होता. पहिला, आम्ही खोडलेला, त्यावर पुन्हा गिरवून ठेवला होता.

गूळ आम्ही दोन किलो आणला.